बाबांवरचा गोड आळ

आईने घरातली साखर संपवून तिच्या डब्यात बटणं भरली, तरी बाबांची साखर काही उतरेना. बाबा बस चालवतात. डेपोच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या तपासणीतही आकडा असाच आला तर स्टिअरिंग सोडायचं आणि खिडकीत बसून पास द्यायचे. बाबा आणि खिडकीत? घरी सोफ्यावर बसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो!

त्यात आईला पक्का संशय, की हे बाहेर चोरून गोड खातात.

"अहो, खरं सांगा, कॅन्टीनमध्ये काय हाणता?"

"काही नाही गं! गोळ्या वेळेवर घेतो, चहा बिनसाखरेचा पितो. तोंड बघ कसं कडू झालंय."

"ते लग्नापासूनच आहे."

मी फिस्सकन हसले. बाबा मात्र ताट उचलून उठले. माझ्या बाबांना कुणी खोटं पाडावं आणि त्यांनी गप्प राहावं, हे मला झेपेचना.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ओट्यावर मुंग्यांची ही लांब रांग!

"बघ! घरातच लपवलाय खाऊ," आई म्हणाली.

एरवी त्यांच्या वादात मी हळूच सटकते. पण या वेळी बाबांवरचा आळ खोटा ठरवायचाच होता. म्हटलं, "थांब, धाडच घालू." स्टुलावर चढले आणि रांगेमागोमाग निघाले. मुंग्या भिंतीवरून फळीवर गेल्या, मिठाच्या बरणीला वळसा घातला आणि थेट शिरल्या बाबांच्या 'पौष्टिक' फ्लेक्सच्या खोक्यात! आई रोज सकाळी ज्यातून वाडगाभर काढून, वर फळांचं दही ओतून, प्रेमाने बाबांपुढे ठेवायची, त्याच.

खोक्यावर पुढे गव्हाच्या ओंब्या आणि धावणारा काटक माणूस. मागे, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत: साखर. मग मध. मग माल्ट सिरप. एकच पाहुणी तीन नावं सांगून घरात घुसलेली! दह्याच्या डब्यावरही तीच.

आईने खोकं माझ्या हातून ओढून घेतलं. "म्हणजे मीच चारत होते?"

"हो, पण प्रेमाने."

आमच्या घरी माफी मागत नाहीत. आईने अंडी उकडली, सफरचंद चिरलं, साध्या दह्यात शेंगदाणे टाकले आणि हाक मारली, "अहो, या. आणि मी कॅन्टीनचं काही बोललेच नव्हते."

"मी कुठे ऐकलं?" म्हणत बाबा बसले.

फ्लेक्सच्या जागी आलेल्या साध्या ओट्सना मात्र त्यांनी 'ओला पुठ्ठा' नाव ठेवलं. मग मीच कंबर कसली. दालचिनी घातली, अक्रोड घातले, केळं कुस्करून बघितलं, ते जरा जास्तच झालं, मग निम्मंच घातलं. चौथ्या-पाचव्या प्रयोगाला वाडगा चाटूनपुसून साफ!

तपासणीच्या दिवशी बाबा जिना चढून आले ते शीळ घालतच.

"अजून उतरायला हवी म्हणाले. पण उतरतेय! गाडी माझ्याकडेच राहिली."

आईने पाठ फिरवून उगाचच स्वच्छ ओटा पुसायला घेतला. "उद्या कितीची फेरी?"

"पहाटेची. का?"

"नाश्ता डब्यात देते. आणि कंडक्टर भाऊजींसाठीही एक अंडं जास्त टाकते."