फांग काकांची सळई

आमच्या चिन्ह्वा भागात डुकराची तंगडी मिठात मुरवून टांगायला कुणालाही येतं. पण फांग काकांचा लाल शिक्का नसेल, तर बाजारात तिला कुत्रंही विचारत नाही. काका हाडाजवळ बांबूची सळई खुपसतात, नाकाशी नेतात आणि निकाल देतात. त्यांचं नाक कधी चुकलेलं नाही.

यंदा माझ्या तंगड्या दृष्ट लागावी अशा उतरल्या होत्या. गावच्या अंगणात आधी शेजारीण माओइंगचा नंबर लागला. काकांनी सळई हुंगली आणि तोंड फिरवलं.

"आतून सडलीय. पुरून टाक."

सळई रुमालाला पुसून ते माझ्या तंगडीकडे वळले. तेवढ्यात माझी सून सूयुन आडवी आली. तालुक्याला अन्न तपासणीत नोकरी करते ती.

"काका, ही सळई नको. सडक्या मांसातले जंतू पुसून जात नाहीत. चांगल्या तंगडीत शिरतील. उकळून घ्या ना."

"घ्या! आता ही काकांना शिकवणार!" माओइंग फणकारली.

काका लालबुंद झाले. "तुझा सासरा रांगत होता तेव्हापासून हुंगतोय मी! शिक्का नकोय का तुम्हाला?"

शिक्का नाही म्हणजे वर्षाची मेहनत मातीत. पण सूयुन, पोरगी जागची हलली नाही. ते बघून माझीच मान ताठ झाली.

"काका," मी म्हणाले, "तिचं सोडा. नाक तर तुमचंच आहे ना? पुसलेली सळई हुंगून बघा."

त्यांनी रागारागानं सळई नाकाला लावली. पुन्हा लावली. मग रुमाल हुंगला.

"वास राहिला, तर जंतूही राहिले," सूयुन हळूच म्हणाली.

दुसरा कुणी असता तर थापा मारून मोकळा झाला असता. काकांनी सळई काडकन मोडली. "माझं नाक खोटं बोलत नाही. माओइंग, पाणी ठेव चुलीवर. चांगलं खळखळू दे."

त्या दिवसापासून प्रत्येक तंगडीला उकळलेली नवी सळई. माझी तंगडी हुंगताना काकांनी डोळे मिटले आणि हसून शिक्का सूयुनच्या हातात दिला. "मार तूच."

तिनं मारला, जरा तिरकाच. बाजारात कुणी शिक्का असा का म्हणून विचारलं, की मी तंगडी आणखी वर धरायची आणि मोठ्यानं सांगायची, "माझ्या सुनेनं मारलाय!"