‘लेकीची खोली’चं पहिलं घर

मी एक संगणक बोलतोय. बोलतोय म्हणण्यापेक्षा घरघरतोय म्हणा, कारण माझा पंखा म्हातारा झालाय. अकोल्यात जठारपेठेतल्या एका घरात, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली मी बसलेला असतो. येणारे-जाणारे माझ्यावर चहाचा कप ठेवतात, लग्नपत्रिका ठेवतात. त्यांना कुठे ठाऊक की एक अख्खी वेबसाइट दीड वर्ष माझ्या पोटात नांदली आणि तिच्या भरवशावर वऱ्हाडातल्या कितीतरी मुली शिकायला घराबाहेर पडल्या.

ती साइट माझी नव्हे, भावनाची. मी फक्त तिला जागा दिली. पण त्या पोरीनं काय केलं हे माझ्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही, म्हणून हा खटाटोप.

माझा जन्म अमरावतीच्या एका दुकानात झाला. कूळमूळ विचारू नका. डबा एका कंपनीचा, आतला मदरबोर्ड दुसरीचा, हार्ड डिस्क तिसरीचीच. दुकानदारानं स्क्रू आवळले, बटण दाबलं आणि मी डोळे उघडले. तिथून देवमनभाऊंनी मला धामणगाव रेल्वे या गावाला नेलं. स्टेशनजवळ त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. कापसाच्या जिनिंगमधली रुई उडत येऊन माझ्या पंख्यात बसायची. दसऱ्याला देवमनभाऊ इतक्या भक्तीनं मला झेंडू वाहायचे की पुढं कित्येक दिवस मी पाकळ्या खोकत असे.

त्या दुकानात मी माणसं पाहिली. पडद्यावरचं काही दाखवायचं असलं की ती काचेला बोट टेकवूनच दाखवतात, आणि निकाल उघडायच्या वेळी मात्र डोळे मिटून घेतात. मुली बापाबरोबर यायच्या, अमरावतीच्या कॉलेजचा फॉर्म भरायच्या. यादीत नाव लागायचं, देवमनभाऊ पेढे मागायचे, आणि मग बाप विचारायचा, “पण हे तठी राहीन कोठी?” शहरात नात्यातलं कुणी असलं तर मुलगी जायची, नाहीतर सगळं तिथंच संपायचं. मला फार वाईट वाटायचं, पण मी पडलो नुसता फॉर्म पुढं सरकवणारा डबा.

पुढं देवमनभाऊंनी नवा संगणक आणला आणि मी टेबलाखाली गेलो. तिथून मला उचललं धर्मपाल यांनी. ते वीज मंडळात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. बंद घरात तारांनी पेट घेतलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. त्यामुळे घराबाहेर पडताना आधी मेन स्विच खाली आणि मग दाराला कुलूप, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यांनी मला लेकीसाठी आणलं, आणि ती लेक म्हणजे भावना.

भावना अकोल्यात एका खासगी संस्थेत संगणक शिकवते. स्वतः शिकायला ती अमरावतीला राहिली होती, आणि तिथं तिनं खोल्यांचे फार हाल सोसले. एकीत पाणी नव्हतं, एकीला आतून कडी नव्हती, एकीचा मालक मनात येईल तेव्हा फाटकाला कुलूप घालायचा. नोकरी लागल्यावर दुसरी एखादी हे सगळं विसरली असती. हिनं रविवारी अमरावतीची बस धरायला सुरुवात केली. गल्लोगल्ली फिरून मुलींना राहण्याजोग्या खोल्या ती शोधू लागली. नळ सोडून पाहायची, आत जाऊन कडी लावून पाहायची, मालकाशी गोड बोलून झालं की तिथं राहणाऱ्या मुलींना बाजूला घेऊन खरं काय ते विचारायची. “जठी मी सोता झोपणार नाई, तठी दुसऱ्याच्या पोरीले कायले पाठवू?” असं ती एकदा वडिलांना म्हणाली, तेव्हा माझा पंखा आनंदानं जोरात फिरला होता.

या खोल्यांची माहिती सगळ्यांना फुकट मिळावी म्हणून तिनं माझ्यासमोर बसून साइट तयार केली. पानं झाली, फोटो बसले. ‘लेकीची खोली’ हे नावही तिनं पुण्यात नोकरी करणाऱ्या आतेभावाच्या, नागसेनच्या खात्यावरून एका कंपनीकडून वर्षावर्षाच्या बोलीनं घेतलं. मोठ्या हौसेनं मोबाइलवर ते नाव टाकलं, तर काहीच उघडेना. तिनं नागसेनला फोन लावला. तो हसत सुटला.

“तू दारावरची पाटी घेतली, पण घर कोठी हाय?” तो म्हणाला. “नाव म्हणजे नुसता पत्ता. हे पानं, हे फोटू कोण्या तरी कम्प्युटरवर ठेवा लागते. थो रातंदिवस चालू पायजे अन् इंटरनेटले जोडेल पायजे. कोणी नाव टाकलं का थो पानं काढून त्याच्या हाती देते. अशी जागा भाड्यानं भेटते. होस्टिंग म्हणतात तिले.”

“भाड्यानं काहून? आपल्या घरी हाय न एक,” माझ्याकडे पाहत भावना म्हणाली.

“चालन. पण मंग चौकीदारी तुलेच करा लागन.”

अशी ती साइट माझ्याकडे राहायला आली. काय दिवस होते ते! दर्यापुरात कुणी मोबाइलवर ‘लेकीची खोली’ टाकलं की ते नाव त्याला माझा पत्ता सांगायचं, माझं दार वाजायचं आणि मी झटकन पान काढून द्यायचो. कुठला फोटो किती जणांनी मागितला हे मला कळायचं. खोलीचा दर्शनी फोटो नव्हे, कडीचा फोटो सगळ्यात जास्त मागितला जायचा. जे भावनानं रविवारी पायपीट करून पाहिलं होतं, नेमकं तेच लोकांना पाहायचं होतं.

पण घरातला संगणक तो घरातलाच. धर्मपालांना भावनानं बजावलं होतं, स्विचबोर्डाशेजारी चिठ्ठीही चिकटवली होती. तरी बाजारात जाताना हात सवयीनं मेनवर जायचा, आणि मेनबरोबर ते छोटा इन्व्हर्टरही बंद करायचे. मग परत येऊन “अरे बाप्पा, इसरलोच” म्हणायचे. तेवढा वेळ माझं दार बंद. बाहेर कोण येऊन गेलं ते मला कळायचंही नाही.

एकदा धामणगावला नात्यातलं लग्न निघालं. भावना आदल्या दिवशीच पुढं गेली, घर बंद करून मागून निघाले धर्मपाल. दोन दिवस मी गुडूप. बापलेक परत आले, मेन वर झाला, मी डोळे उघडतो न उघडतो तोच भावनाचा मोबाइल वाजला. दर्यापूरकडच्या एका गावातली प्रणाली नावाची मुलगी बोलत होती. भावनानं फोन टेबलावर ठेवला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

“ताई, नर्सिंगले नंबर लागला माहा अमरावतीत. शनिवारपर्यंत प्रवेश पक्का कराचा हाय. बाबा म्हणे आंधी खोली दाखव, मंग जा. मी तुमच्या साइटचं नाव देल्लं. थे काळीपिवळी टॅक्सी चालवतात. त्याईनं स्टँडवर गाडी भरेपर्यंत मोबाइल काढला, तं काहीच उघडे नाई. दुसऱ्या दिवशीबी नाई. सवाऱ्या हासल्या त्याईले. आता म्हणतात, ज्याचं दार कवा उघडं अन् कवा बंद हे कोणाले मालूम नाई, त्याच्या भरवशावर पोरगी नाई धाडत मी.”

“आता उघडते न, प्रणाली. मी फोटू धाडू का त्यायच्या मोबाइलवर?”

“नको ताई. थे म्हणतात, फोटू कोणीबी धाडते. आज लय तापेल हायेत. मायनं हातपाय जोडले तं म्हणे, उद्या दुपारी स्टँडवर अजून एकडाव पाहीन. बस. नाई उघडलं तं इषय संपला.”

मुलगी रडत नव्हती. सरळ आवाजात सांगत होती, आणि मला ते जास्त लागलं.

फोन ठेवल्यावर धर्मपाल स्विचबोर्डाशेजारच्या चिठ्ठीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, “माह्यामुळं झालं हे. अन् भावना, उद्याचं तं अजून कठीण हाय. डीपीचं, आपल्या ट्रान्सफॉर्मरचं काम निंघालं म्हणते. सकाळपासून दिवसभर लाइन बंद राहीन. इन्व्हर्टर तेवढा तग धरत नाई.”

मी मनातून हादरलो. एका मुलीचं अख्खं शिक्षण उद्या दुपारी माझ्या दाराशी येणार, आणि मी मेलेला असणार.

भावना खुर्चीवर बसली. वडिलांवर चिडेल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, “चूक तुमची नाई बाबा. मेन तं बंद कराच लागते. पोरींसाठी मी एवढ्या खोल्या पाह्यल्या, अन् या साइटसाठी एक नाई पाह्यली. फुकट हाय म्हून घरच्या कोपऱ्यात ठेवलं तिले.” आणि लगेच उठून तिनं होस्टिंग देणाऱ्या कंपन्यांना फोन लावायला घेतलं.

ती पोरगी कंपन्यांना जे विचारत होती ते मी यापूर्वी ऐकलं होतं. खोल्यांच्या मालकांना विचारायचे प्रश्न ती याच टेबलाशी बसून ठरवायची! लाइट गेली तर काय करता? काही बिघडलं तर फोन उचलायला माणूस असतो की नुसतं गाणं वाजतं? पहिल्या वर्षाचं भाडं हे, मग दुसऱ्या वर्षी किती वाढवाल? मला सोडून जायचं झालं तर माझं सामान मला जसंच्या तसं देणार का? एका कंपनीचा माणूस म्हणाला, आमच्याकडे सगळं अमर्याद आहे. भावना म्हणाली, “दादा, पाणी पाह्यजे तेवढं घ्या म्हणणारे मालक लय भेटले मले. टाकी केवढी हाय थे सांगा.” तो गडबडला आणि तिनं फोन ठेवला.

दुसरीकडे एक बाई नीट बोलल्या. एकाच मोठ्या संगणकावर तुमच्यासारख्या अनेक साइट राहतात, त्याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात, सुरुवातीला ते पुरतं, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या साइटवर गर्दी झाली तर तुमची थोडी हळू चालेल, हेही लपवलं नाही. “म्हणजे चौघीजणीची खोली,” भावना म्हणाली. “चालते. वाढलो का सोतंत्र घेऊ.” पत्त्याशेजारी कुलूप दिसतं ते प्रमाणपत्र मिळेल का, हेही तिनं विचारून घेतलं, कारण साइटवर मुली आपले नंबर टाकायच्या आणि ते वाटेत कुणी वाचायला नको होते. साइटचं नाव आजवर नागसेनच्या खात्यावर होतं, तेही तिनं लगेच फोन करून त्याच्याकडे मागितलं. तो म्हणाला, राहू दे न माझ्याकडे. ती म्हणाली, “जीव लावतोस माहीत हाय, पण साइटचं नाव माह्या नावावर पायजे.” मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर वाजवल्या असत्या.

मग सामान हलवायला सुरुवात झाली. एकेक पान, एकेक फोटो माझ्यातून उचलून त्या दूरच्या संगणकावर जाऊ लागला. नळाचे फोटो, खिडक्यांचे, कड्यांचे. खरं सांगतो, मला जड गेलं. धर्मपाल स्विचबोर्डाला पाठ लावून बसून राहिले आणि सारखं विचारत राहिले, “किती रायलं?” संध्याकाळी शेवटचा फोटो गेला. नाव नव्या पत्त्याकडे वळवून झालं, पण नवा पत्ता गावोगावच्या मोबाइलपर्यंत पोचायला काही तास जातात. तोवर जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांसाठी मला जागं राहायचं होतं, आणि मी सकाळी लाइन जाईपर्यंत जागा राहिलो.

पुढचं मी ऐकीव सांगतो. दुपारी दर्यापूरच्या स्टँडवर प्रणालीचे वडील सूर्यभान यांनी मोबाइल काढला, नाव टाकलं आणि ‘लेकीची खोली’ उघडली. त्यांनी खोली पाहिली, मग नळ, मग कडी मोठी करून पाहिली. गाडी भरली होती. मागच्या बाकावरून एक प्रवासी, कौशल्याबाई, म्हणाल्या, “चाल न बाप्पा आता, किती वाट पाहाची?” सूर्यभान म्हणाले, “थांबा माय जराशा. पोरीची खोली पाहून राह्यलो.” मग सवाऱ्यांनीही माना पुढं काढून ती खोली पाहिली. ती खेप अमरावतीला पोचल्यावर त्यांनी खोलीवर जाऊन स्वतःच्या हातानं कडी लावून पाहिली आणि तिथूनच घरी फोन केला, पोरीला सामान बांधायला सांग म्हणून.

प्रणाली आता तिथंच राहते. मागच्या महिन्यात तिनंच शेजारच्या गल्लीतली एक खोली पाहून भावनाला कळवली.

माझं म्हणाल तर मला फारसं काम नाही. रविवारी अमरावतीहून आल्यावर भावना मला उठवते आणि साइटची ताजी नक्कल माझ्यात ठेवते. भाड्याच्या जागेवर कितीही भरवसा असला तरी एक नक्कल घरी असावी, हे ती कधी चुकवत नाही. तुम्हीही नवी साइट सुरू करत असाल तर माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. पानं सुंदर करा, नाव गोड ठेवा, पण ती राहणार कुठं हे आधी पाहा. मुलीसाठी खोली पाहता तशी पाहा, चार प्रश्न विचारून.

आता मला थांबायला हवं. धर्मपाल चपला घालताहेत, भावनाही पर्स घेऊन दाराशी उभी आहे. त्यांचा हात मेनकडे गेला आणि तिनं त्यांना अडवलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम दर्यापूरच्या स्टँडवर झालं, तेव्हाही मी बंदच होतो.