हिरीचा धवला

गुरुवारी सोनूबाईचं गळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, गाठ काढली की जीव राहील, आवाज राहायचा नाही.

खाडीकाठच्या त्या गावात सोनूबाई धवलारीण. लग्नात तिचं गाणं, म्हणजे धवला, झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. गावातल्या सगळ्या पोरींची नावं तिने धवल्यात ओवली होती. राहिली होती एकच, तिची स्वतःची लेक कल्पिता.

कल्पिता कादंबऱ्या लिही. जुन्या काळातल्या, प्रेमाच्या. तिच्या नायिका जिभेच्या तिखट; सरदारांना कोड्यात हरवायच्या आणि जीव लावायच्या तो भलत्यालाच. नव्या कादंबरीतली हिरी मिठागराच्या मालकाची लेक. तिने वरला तो तोतरा नावाडी.

गावात तोतरा एकच, मिठाचा ट्रक चालवणारा दादू. त्याने कल्पिताला विचारलं होतं, घाम पुसत, शब्दाशब्दाला ठेचकाळत. "हे पुस्तक संपू दे," ती म्हणाली होती. मग दुसरं आलं, तिसरं आलं. कागदावरचे नवरे थांबतात. दादूने आरोहीशी लग्न केलं. त्याच्या नवरीचा धवलाही सोनूबाईनेच म्हटला.

निघायच्या सकाळी कल्पिता आईच्या पायाशी बसली. "आय, एकदाच म्हण. माझ्या नावाचा."

"मांडव न्हाय, हलद न्हाय, नि धवला कशाचा गो? लगनाबिगर नाव घेतला तं देव रुसतो. नवरा हाय का कुठं? आन, उभा कर!"

दारात चपला वाजल्या. दादू गाडी घेऊन आला होता. "का-काकी, निघूया. भरती चढली की खारातला र-रस्ता बुडतो." त्याची नजर टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्यावर गेली. "पु-पुस्तक संपलं?"

"संपलं."

"आरोही विचारत होती. तुझी स-सगळी वाचते ती. शेवटी ल-लगीन लागतं ना?"

"लागतं," कल्पिता खाली बघत म्हणाली.

उठलेली सोनूबाई पुन्हा टेकली. "कुनाचा लागतं?"

"हिरीचं."

"मंग आदी सांगाचा न्हाय व्हय? तुजी हिरी ती माजी नात. तिचा म्हनतंय."

तिने दिवा लावला. वाटीतली हळद कालवून बोटाने गठ्ठ्याला टेकवली, आणि दुखऱ्या गळ्यातून सूर काढला.

हलद लागली गो हिरीच्या अंगाला,
सोन्याची कड आली खाडीच्या रंगाला.
हिरी चालली गो नावाड्याच्या दारी,
मायेचा जीव गो उभा किनारी.

कल्पिताने आवाज टिपायला मोबाईल उचलला, तसाच खाली ठेवला. दर कडव्यात नवरीच्या नावाची जागा यायची, कल्पिता मान वर करायची, आणि आई म्हणायची, हिरी. दारात दादू मान खाली घालून उभा होता.

शेवटच्या कडव्यात त्या जागी सूर थांबला. सोनूबाईने लेकीकडे पाहिलं. ओठ हलले. मग ती म्हणाली, हिरी.

"का-काकी, पाणी चढतंय."

बोटावर हळद उरली होती. कल्पिताने नकळत गाल पुढे केला. सोनूबाईने बोट पदराला पुसलं आणि दिवा शांत केला.