सूज उतरेना

मित्रांनो, उस्मानपुऱ्यातल्या एका नेत्र दवाखान्यातला मी जुना कॅमेरा आहे. माणसाचं हसू मी कधी टिपलं नाही. डोळ्याच्या आतला पडदा कापल्यासारखा आडवा दाखवणं, हे माझं काम. नवा होतो तेव्हा बाहेरगावचे डॉक्टर मला पाहायला येत. आता माझा पंखा घरघरतो आणि काही विपरीत दिसलं की पहिला संशय माझ्यावर येतो.

रूपाच्या वेळी तसंच झालं. ती चितेगावच्या कारखान्यात तयार सुटे भाग तपासायची. तिच्या घरात पडद्याचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं. मधल्या उरलेल्या नजरेवर तिची नोकरी चालली होती आणि नेमक्या त्याच जागी पाणी साचून सूज आली होती. डॉक्टर स्वरदांनी थेंब दिले, दिवसातून तीनदा. मूळ आजार थेंबांनी जात नाही, पण सूज उतरू शकते, हेही सांगितलं.

पुढच्या तपासणीत सूज तशीच. डॉक्टरांनी माझं भिंग पुसून पुन्हा चित्र काढलं. तेच आलं. थेंब लागू पडत नसतील तर गोळ्या द्याव्या लागतील, पण त्या गोळ्यांनी मूतखड्याची भीती असते, असं त्या म्हणाल्या. रूपानं माझ्या टेकूवरून हनुवटी उचलली.

"थेंब घालतं कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," आई सत्यभामाबाई म्हणाल्या. "सकाळी हिला, रातीला राजकुमारला. त्यालाबी तोच आजार हाय. दोन्ही लेकरं माझीच, एकीलाच कसं द्यावं?"

म्हणजे तीनदाऐवजी रूपाला दिवसातून एकदाच थेंब मिळत होते. तिला हे ठाऊक होतं, तरी तिनं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

बाहेर बसलेल्या भावाला आत बोलावून माझ्यासमोर बसवलं. त्याच्या पडद्यावर आजार होता, सूज मात्र अजिबात नव्हती. थेंबांचा त्याला काहीच उपयोग नव्हता.

"मम्मी, खीर वाटल्यागत औषध वाटलंस की," तो म्हणाला.

"मग याच्यासाठी काय हाय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "आज तरी फक्त वेळोवेळी तपासणी."

सत्यभामाबाईंनी पिशवीतून बाटली काढली. मुलाकडं न बघता ती मुलीच्या हातात दिली.

रूपा पुन्हा आली तेव्हा सूज निम्मी उतरली होती. उरलेली उतरेल की नाही, हे अजून कुणालाच सांगता येत नाही.

मित्रांनो, एकाचं औषध दुसऱ्याला मायेनंसुद्धा देऊ नका. घरात जे घडतं ते डॉक्टरांना सांगा. मला डोळा आतून दिसतो, तुमचं घर दिसत नाही.