दगडांवर पाणी

माती

माती जवळजवळ नकोच. जाड रेती, बारीक खडी, विटांचा चुरा आणि चिमूटभर खत. आईकडे त्यासाठी वेगळी चाळणी होती. ती दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची, त्यामुळे जाड आणि बारीक यातला फरक तिच्या बोटांना न बघता कळायचा.

झाडाचं नाव लिथॉप्स. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कोरड्या माळावरचं. दोन जाड पानं एकमेकांना चिकटलेली, मधे फट. खड्यांत ठेवलं तर खडाच वाटतं. घरी आलेलं कुणीतरी हटकून म्हणायचं, दाढा पेरल्यात का? आई त्यांना नुसतं दगड म्हणायची. "दगडांना ऊन दाखवून येते." "या, बघा, दगड फुललाय."

अण्णा, म्हणजे माझे वडील, नळकाम करायचे. आयुष्यभर लोकांच्या घरी पाणी पोचवलं आणि बायकोने पाळलं काय, तर पाणी नको म्हणणारं झाड, असं ते येईल त्याला ऐकवायचे.

"तुमच्यापासून काहीतरी वाचावं म्हणूनच," आई म्हणायची.

ऊन

मागच्या खोलीची खिडकी. दुपारचं ऊन थेट ट्रेवर येतं. फूलही दुपारीच उघडतं, त्या फटीतून, झाडाहून मोठं, पिवळं किंवा पांढरं. संध्याकाळी मिटतं. उन्हाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. घोटाळा पाण्याचा आहे.

पाणी

फुलं येऊन गेली आणि थंडी पडली की पाणी बंद. पूर्ण बंद. आत नवी जोडी तयार होत असते. ती जुन्या जोडीतलं पाणी पिऊन वाढते. जुनी पानं सुरकुततात, कागदासारखी होतात. बघवत नाही. बघणाऱ्याचा हात आपोआप पाण्याकडे जातो. पण या दिवसांत पाणी दिलं तर जुनी पानं मरायला तयार होत नाहीत, नवी…

आई थंडी पडता पडता गेली.

पाणी, पुन्हा

डॉक्टरांनी तिचं पाणी तोडलं होतं. छातीत पाणी भरत होतं, म्हणून तोंडाने पाणी नाही. ओल्या बोळ्याने ओठ पुसायचे, तेवढंच. बोळा अण्णा धरायचे. ती तो ओठांत पकडून चोखायची आणि अण्णा हळूच सोडवून घ्यायचे, कारण तसं सांगितलेलं होतं.

शेवटच्या दुपारी दवाखान्यातल्या पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अण्णा. तिने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "आता त्या दगडांवर पाणी सोड"

आणि पुढे श्वास. तो नुसता श्वास होता की शेवटचा काना होता, यावर आमचं अजून एकमत नाही. 'सोड' असेल तर ते मला. 'सोडा' असेल तर अण्णांना. भांडतानासुद्धा ती त्यांना अहो-जाहोच करायची.

"मला म्हणाली," घरी आल्यावर बूट काढता काढता अण्णा म्हणाले. "पाणी सोडा म्हणाली."

"अण्णा, पाणी सोडा म्हणजे नाद सोडा. हौसेवर पाणी सोडतात, तसं. कुणाला तरी देऊन टाका म्हणाली ती."

"या घरात पाणी सोडा म्हणजे कॉक फिरवा. तिला काय माहीत नव्हतं?"

"थंडीत पाणी घातलं तर कुजतील सगळे. गेल्या थंडीत तुम्हाला झारीसकट हाकललं होतं तिने."

"तेव्हा हाकललं," अण्णा म्हणाले. "आता बोलावलं."

शेवटी मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की थंडी सरेपर्यंत ट्रेला हात लावायचा नाही. तिच्या हाताने जगलेलं तेवढंच उरलं होतं. ते तरी जगावं, एवढंच मला हवं होतं.

ओल

ओल बघायची आईची रीत: आगकाडीचं मागचं टोक रेतीत खुपसायचं आणि जरा थांबायचं. कोरडी निघाली तर झाड सुखात आहे.

एका दुपारी काडी ओलीने काळी निघाली. टोकाला रेती चिकटलेली.

"अण्णा!"

ते पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. "मी नाही," म्हणाले. काय झालं हे मी अजून सांगितलंही नव्हतं.

"मग कुणी?"

"तूच असशील. तुलाच सांगितलं असं म्हणत होतीस ना?"

"मी म्हणत नव्हते. तुम्ही झोपेत घातलं असेल."

"झोपेत नळ सोडणारा नळवाला! गिऱ्हाइकांची चंगळ आहे मग."

दुसऱ्या दिवशी मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. काकूंनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भूत असेल तर कुलपाने काय होणार? आणि बाप असेल तर एवढं काय त्याचं?"

दुपारी काकूंनीच कुलूप काढलं. काडी काळी.

काकूंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि चप्पल न घालता घरी गेल्या.

मरण

कसं मरतं ते सांगते, म्हणजे ओळखता येईल. आधी फुगतं. छान दिसतं, गुबगुबीत, तजेलदार. तुम्हाला वाटतं, उगाच घाबरलो. मग कातडी तटतटते आणि फटीच्या बाजूने चिरते. रंग आतून पाणी भरल्यासारखा पारदर्शक होतो, पिकल्या द्राक्षासारखा. बोट लावलं की बोट आत जातं.

एक गेला. मग त्याच्या शेजारचा. अण्णा कुजलेला दगड चमच्याने उचलत, कागदात गुंडाळत आणि कुठे टाकत ते मला कधी दिसलं नाही.

मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. "गळती असणार," म्हणाले. "ओल भिंतीतून चढते. तुला काय वाटतं, आकाशातून पडते?" भिंतीला कान लावून सगळी खोली फिरले. बोटांच्या पेरांनी गिलावा वाजवून पाहिला. त्या भिंतीत नळ नव्हताच. आईने टाकू दिला नव्हता. माझ्या दगडांच्या अंगावरून नळ न्यायचा नाही, म्हणाली होती.

तरी त्यांनी पाना काढला आणि घराचा मुख्य कॉक बंद केला. टाकी रिकामी केली. घरातला प्रत्येक नळ उघडा ठेवला. नळ आधी खोकले, मग नुसती हवा आली, मग तीही थांबली. इतकं गप्प घर मी कधी ऐकलं नव्हतं.

"आता घरात थेंब नाही," अण्णा म्हणाले. "आता बघू."

दुपारी

आम्ही दोघं दारातच उभे राहिलो. ऊन ट्रेवर आलं होतं. रेतीवर ओल होती, पण सगळीकडे नाही. उरलेल्या प्रत्येक दगडाभोवती काळपट कडं, नीट गोल. पानांवर एक थेंब नाही. मधली रेती कोरडी, पांढरी.

मी पाणी घालते तेव्हा ते पसरतं. अण्णा घालतात तेव्हा पूर येतो. फट भिजू नये म्हणून असं कडेकडेने घालणारं घरात एकच माणूस होतं.

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते घाबरले असतील.

"पानाला लागू दिलं नाही बघ," ते म्हणाले. कौतुकाने. ती नवं फूल दाखवायची तेव्हा या आवाजात बोलायचे.

"अण्णा, मरतायत ते."

"हं."

"थंडीत घालायचं नसतं हे तिला माहीत नाही?"

"माहीत आहे." ट्रेकडे बघत म्हणाले, "पण तहान लागली असेल ना."

कुणाला, असं मी विचारलं नाही. बोळा ओठांतून सोडवून घेणारे त्यांचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. ओल बंद व्हावी असं घरात फक्त मला वाटत होतं. त्यांना उद्याची दुपार हवी होती.

कुंडी बदलणं

फार ओल झाली तर झाड उपटून मुळं मोकळी करावीत आणि कोरड्या रेतीत नव्याने बसवावं. हे तेव्हाच करायला हवं होतं. केलं तेव्हा एकच उरला होता, खिडकीपासून लांबचा, सगळ्यात लहान.

"हा मी घेऊन जाते," मी म्हणाले. माझी रजा संपली होती.

"नको."

"एवढा एकच आहे, अण्णा."

"म्हणूनच. मग ती यायची कुणाला घालायला?"

मी बॅग भरायला गेले. साड्या, चार्जर, तिचा चष्मा. परत आले तेव्हा ते ट्रेसमोर उकिडवे बसले होते आणि आईच्या प्लास्टर कालवायच्या सुरीने दगडाच्या भोवतीची रेती मोकळी करत होते. इतक्या हळू की मला श्वास घ्यायला भीती वाटली. मुळं झटकली, फुंकर मारली, वर्तमानपत्रात पुडी बांधली.

"ने."

"आणि इकडे?"

त्यांनी ट्रेमधली रेती तळव्याने सपाट केली, वरून मूठभर खडे पसरले आणि ट्रे पुन्हा उन्हात सरकवला.

"दगडांवर म्हणाली होती," ते म्हणाले. "हे काय आहेत मग?"

निगा

माझ्याकडे तो कपाटावर आहे, खिडकीच्या बाजूला. पाणी दिलेलं नाही. जुनी जोडी सुरकुतून कागद झाली आहे आणि फटीतून नवीचं टोक दिसतं. नवी जोडी ओल्या दगडासारखी दिसते, पण हात लावला तर कोरडी असते. मी दुपारी काडी खुपसून बघते. कोरडीच निघते. तसंच असायला हवं.

काल दुपारी अण्णांना फोन केला.

"काकू सांगत होत्या, तुम्ही त्यांच्याकडून बादलीने पाणी नेता. कॉक अजून बंदच आहे?"

"हं."

"अहो, काय हे! या वयात बादल्या उचलता? उघडा की तो."

"चाललंय."

"लोक काय म्हणतील? नळवाल्याच्या घरी नळाला पाणी नाही."

"म्हणू दे. उघडला तर मला कळणार कसं?"

मग विचारलंच. "होते का अजून? रेती ओली?"

"थांब," ते म्हणाले. "बघून सांगतो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं मागच्या खोलीकडे गेली. कडी निघाली. मग अण्णांचा आवाज, माझ्याशी बोलतात त्याहून हळू.

"अगं, पोरीचा फोन आहे."