अर्धं कापलेलं वचन

बायको, दीनम्मा, गेली हे आशीर्वादमला कळलं तेव्हा तो छापखान्यात कटिंग मशीनवर उभा होता आणि पात्याखाली नव्या वर्षाची वचनकार्डं होती. गुंटूरच्या इस्पितळातून मेहुण्याचा फोन आला.

"भावजी, अक्का गेली."

आशीर्वादमने फोन खिशात ठेवला. गठ्ठा दाबपट्टीखाली घट्ट बसलेला होता, पातं अर्ध्यावर आलेलं. त्याने ते खाली आणलं, कार्डं बाहेर काढली, टेबलावर ठोकून सारखी केली, रबर लावलं. मग मालकाला जाऊन सांगितलं.

तो गठ्ठा आपण का पुरा केला हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. पण स्वतःच्या हातांची त्याला किळस यायला लागली ती त्या दिवसापासून.

तेनालीतल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात आरशाच्या चौकटीत खोचलेलं एक वचनकार्ड असतं. वर्षाच्या शेवटच्या उपासनेत ओळीने पुढे जायचं, पास्टरांसमोरच्या ताटातून डोळे मिटून एक कार्ड उचलायचं. त्यावर शास्त्रातली जी ओळ निघेल ती देवाने त्या वर्षापुरती आपल्याला दिली असं मानायचं. दीनम्माला गेल्या वेळी निघालं होतं: 'मी मरणार नाही, तर जगेन.' ती ते सगळ्या गल्लीला दाखवून आली होती.

फेब्रुवारीत तिच्या छातीत गाठ लागली. आशीर्वादम म्हणाला, दाखवून येऊ. ती म्हणाली, "देवाने लिहून दिलंय. डॉक्टर त्याच्यावर आणखी काय लिहिणार?" आणि हसली. मार्चमध्ये हसली, एप्रिलमध्येही हसली. जूनमध्ये हात वर उचलेना तेव्हा गुंटूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाठ बघितली आणि दीनम्माला सोडून आशीर्वादमकडे बघून विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

त्याला उत्तर ठाऊक होतं, पण ते त्याने दिलं नाही.

दफनाच्या वेळी पास्टर तीतुस माइक तोंडाशी धरून म्हणाले, "बहीण दीनम्माचं वचन पूर्ण झालं. ती मेली नाही. ती प्रभूजवळ जगते आहे." लोकांनी आमेन म्हटलं. आशीर्वादम रडायला लागला तर मागून कुणीतरी त्याचा दंड दाबला. "रडू नका, भावा. बाहेरचे बघताहेत. आपल्या विश्वासाची साक्ष बिघडते."

तिसऱ्या दिवशी सांत्वनाची सभा झाली. मंडपात गुलाबाचे हार कुजायला लागले होते आणि त्या वासात बिर्याणीचा वास मिसळला होता. पास्टर कोंबडीची तंगडी सोलत म्हणाले, "कबरीच्या दगडावर तीच ओळ घाला. मी मरणार नाही, तर जगेन. येणारा-जाणारा वाचेल."

"बघतो, अय्यगारू."

"बघायचं काय त्यात? देवानेच निवडलीय." त्यांनी बोटं चाटली आणि आणखी थोडा रस्सा मागितला.

आशीर्वादम मंडपामागे गेला आणि ओकला.

त्या दिवसापासून त्याच्या फोनवर रोज सकाळी फुलांची चित्रं येऊ लागली, प्रत्येकावर एक वचन. भिऊ नको. सर्व काही भल्यासाठीच. एक बाई तर दवबिंदूंचे गुलाब पाठवायची. तो ती न वाचता पुसून टाकायचा. अंगावर झुरळ चढलं की माणूस जसं झटकतो, तसं.

मुलगी, सलोमी, विशाखापट्टणमला बी.फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आईला माती द्यायला आली ती परत गेलीच नाही. बॅग कोपऱ्यात तशीच, चेनसुद्धा उघडलेली नाही. कॉलेजातून निरोप आला होता: डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी कारणाचं पत्र घेऊन हजर झाली नाही तर हजेरी भरत नाही, वर्ष जाईल. आधीच दोन विषय राहिले होते. आणखी एक वर्ष गेलं की ती पुन्हा पुस्तक उघडणार नाही, हे आशीर्वादमला दिसत होतं. आणि इस्पितळात दीनम्माने शेवटचं शहाणपणाचं बोलणं केलं ते एवढंच होतं, "पोरीचं कॉलेज सुटू देऊ नका."

"सोमवार जवळ आला," तो म्हणायचा.

"येऊ दे."

"पत्र लिहायला पाहिजे."

"काय लिहू? आई गेली, देवाची कृपा?"

तिलाही किळस आली होती. तिच्या हॉस्टेलात प्रार्थनेला जमणाऱ्या मुलींचा एक गट होता, ब्यूला अक्का नावाची सीनियर तो चालवायची. आई आजारी पडली तेव्हा त्या सगळ्यांनी सलोमीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. आई गेल्यावर ब्यूला अक्काचा फोन आला. गोड आवाजात म्हणाली, "स्वतःला तपासून बघ, सलोमी. विश्वासात कुठेतरी भोक असेल. वचन तर खोटं पडत नाही."

सलोमीने हे बापाला एकदाच सांगितलं, ताटातला भात चिवडत. मग म्हणाली, "मला त्या मुलींच्या तोंडाचा वास येतो, नान्ना. खरंच येतो. मी तिथे झोपू शकणार नाही."

त्याने बोलायला हवं होतं, आणि काय ते त्याला माहीत होतं, म्हणूनच तो गप्प बसला.

शनिवारी दुपारी मालक कोटेश्वरराव यांनी त्याच्या हातात कागदांची चळत दिली. आशीर्वादमच्याच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कार्डांचं प्रूफ, आणि सोबत पास्टरांनी दिलेली चाळीस वचनांची यादी. "प्रूफ बघणारा भाचीच्या लग्नाला गेलाय. तुझ्या घरी बायबल आहे. ओळी ताडून आण. मागच्या वर्षी 'मेंढरू'चं 'मांजरू' झालं होतं, तुमचे पास्टर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत."

प्रूफ तपासायला दोघं लागतात. एकाने छापलेलं वाचायचं, दुसऱ्याने मूळ पुस्तकात बोट ठेवून बघायचं. आशीर्वादमने सलोमीला विचारलं. ती म्हणाली, "ही घाण घरात कशाला आणलीस?" पण दीनम्माचं बायबल तिनेच फळीवरून काढलं. कॅलेंडरच्या कागदाचं वेष्टण, त्यावर दीनम्माच्या हातच्या तेलाचे डाग. सलोमी ते मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली.

"अनुवादाचं पुस्तक, अठ्ठावीसचं तेरा," त्याने वाचलं. "परमेश्वर तुला डोकं करील, शेपूट करणार नाही."

"हे माझं होतं," सलोमी म्हणाली. "पहिल्या वर्षी. पलंगावर चिकटवलं होतं. दोन विषय राहिल्यावर मुली मला शेपूट म्हणायला लागल्या." तिने बोट फिरवलं. "ओळ बरोबर आहे. म्हणजे अर्धी. पुढे लिहिलंय, तू आज्ञा पाळल्या तर." ती खाली सरकत गेली. "आणि इथे बघ, चव्वेचाळीस. परका माणूस डोकं होईल आणि तू शेपूट होशील. त्याच पानावर. मध्ये खरूज आहे, गळवं आहेत."

"ते छापत नाहीत."

"का?"

"ताटात ठेवलं तर उचलेल कोण?"

ती नाकातून हसली. तिचं ते हसणं महिन्याभरात पहिलं होतं. मग दोघं झपाझप पुढे गेले. जवळजवळ प्रत्येक ओळ कुठेतरी तोडलेली. पुढे 'जर' होतं, मागे 'पण' होतं, ते नेमकं गाळलेलं. आशीर्वादमने वीस वर्षं ही कार्डं कापली होती, आणि पात्याखाली येण्याआधीच ती कापलेली असतात हे त्याला आज कळत होतं.

एकतीस नंबरला तो थांबला.

"वाच ना."

"स्तोत्र एकशे अठरा, सतरा."

सलोमीने पुस्तक उघडलं नाही. ती ओळ कुठली हे तिला न बघता ठाऊक होतं. "परत घातली त्यांनी?"

"दरवर्षी असते."

"दरवर्षी म्हणजे?"

तेव्हा मात्र त्याने सांगितलं. कागदांकडे बघत, एका दमात. "यादीत चाळीस ओळी असतात. मंडळीत माणसं सहाशे. एकेक ओळ पंधरा कार्डांवर छापतो आम्ही. तुझ्या आईला निघालेलं कार्ड त्या दिवशी आणखी चौदा जणांना निघालं. ती सगळी कार्डं मी स्वतः कापलेली होती. तुझी आई मला दाखवायला आली, इतकी खूश होती, मी काही बोललो नाही. गाठ निघाली तेव्हाही बोललो नाही. ती म्हणाली देवाने लिहून दिलंय, आणि मला माहीत होतं की कोटेश्वररावांच्या मशीनने लिहिलंय. फेब्रुवारी ते जून. तुझ्या विश्वासाचा याच्याशी काही संबंध नाही. भोक असेल तर ते माझ्या तोंडाला आहे, वेळेवर उघडलं नाही."

बाहेर शेजारीण गॅसचं सिलिंडर ढकलत नेत होती. त्याचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

"एवढं एक वाक्य," सलोमी म्हणाली.

"हो."

"एवढं एक वाक्य सांगितलं असतंस तर ती फेब्रुवारीत गेली असती डॉक्टरकडे."

"हो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने मंडपात पास्टरांच्या बोटांकडे पाहिलं होतं तसं. मग उठून मोरीत गेली. बराच वेळ पाणी वाहत होतं. परत आली ती ओल्या तोंडानेच भिंतीला टेकून बसली आणि बायबल मांडीवर घेतलं.

"पुढची," ती म्हणाली. "प्रूफ उद्या द्यायचंय ना."

"विलापगीत, तीन. तेवीस. त्याची दया रोज सकाळी नवी होते."

"ही त्या दवबिंदूवालीची," सलोमी म्हणाली आणि पान काढलं. तिचं बोट ओळीवर टेकलं, पण सवयीने ती आता मागेही वाचायला लागली होती. मग मोठ्याने वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं सपाट. "त्याने खडे चावायला लावून माझे दात पाडले. मला राखेत दाबलं. सुख काय असतं ते मी विसरलो. मी म्हणालो, माझं बळ संपलं, आणि परमेश्वराकडून होती ती आशाही."

"हे त्याच पानावर आहे?"

"सात ओळी वर." ती पुढे गेली, मागे आली. "आणि दया आल्यावरही हा गप्प बसत नाही. पुढे म्हणतो, तू ढगाआड लपलास, माझी प्रार्थना आत जाऊ देत नाहीस." तिने मान वर केली. "नान्ना, या माणसाला माझ्यासारखीच ओकारी आलीय. तोंडात खडे आहेत त्याच्या. आणि याला कुणी म्हणालं नाही की स्वतःला तपासून बघ. म्हणालं असेल तर ते छापलं नाही. छापलं ते याचं बोलणं. इतकी वर्षं हे इथेच होतं."

"तुझ्या आईला कुणी वाचून दाखवलं नाही."

"मलाही नाही." ती पुन्हा पुस्तकात बघायला लागली. "दया नवी होते हे त्याने दात पडल्यावर म्हटलंय. मग ते मी ऐकून घेईन. त्या गुलाबवालीकडून नाही ऐकणार."

उरलेल्या ओळी तिने ताडल्या नाहीत. तो अध्याय मात्र शेवटपर्यंत वाचला, मग पहिल्यापासून. आशीर्वादमने चहा टाकला. तो तिने पुस्तकातून मान वर न करता घेतला.

संध्याकाळी उपासनेच्या घंटेला तिने वहीचा कागद फाडून कारणाचं पत्र लिहिलं आणि सहीसाठी पुढे केलं. त्यात आईच्या आजाराचं नाव होतं, किती महिने उपचार घेतले नाहीत तेही होतं. देवाचं नाव नव्हतं. त्याने सही केली.

"तुला माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली. "पण उद्याचं तिकीट बघ."

"हॉस्टेलात त्या मुली असतील."

"असू देत. ब्यूला अक्का आली की मी तिला सोळावी ओळ वाचायला देणार आहे. मोठ्याने."

रविवारी तो उपासनेला न जाता छापखान्यात गेला. कार्डांच्या उरलेल्या जाड कागदाची एक पट्टी कापून घरी आणली. सलोमीने त्यावर बारीक अक्षरात सोळा ते तेवीस सगळ्या ओळी लिहिल्या, एकही न गाळता. ते कार्ड इतकं लांब झालं की कुठल्या आरशाच्या चौकटीत बसलं नसतं. तिने ते दुमडून पत्रासोबत बॅगेत ठेवलं. गाडी सुटताना तिने हात हलवला नाही, पण पोचल्यावर फोन केला. सोमवारी पत्र घेतलं गेलं.

प्रूफ परत देताना आशीर्वादमने कोटेश्वररावांना सांगितलं की ही कार्डं तो कापणार नाही.

"मग कोण कापणार, मी?"

"तुम्ही कापा. नाहीतर पास्टरांना बोलवा."

मालकांनी स्वतः कापली. निम्मी तिरकी गेली. पास्टर तीतुस पुन्हा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत, आशीर्वादमशी अजूनही बोलत नाहीत. आरशातलं कार्ड त्याने काढलं. काचेवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला आहे.

सलोमी दर शनिवारी फोन करते, कामापुरतं बोलते आणि बायबल कुठवर वाचून झालं ते सांगते. दगडावरची ओळ मी देणार, अय्यगारूंना विचारायचं नाही, असं तिने बजावलंय. ती अजून ईयोबाच्या पुस्तकात आहे, आणि मध्ये परीक्षा आहेत. दगड कारागिराच्या आवारात पडून आहे. त्यावर दीनम्माचं नाव आणि दोन तारखा कोरून झाल्या आहेत. खालची ओळ अजून कोरायची राहिली आहे.