नंबर असलेला मेसेज

"गोळी घेणार नाही म्हणजे नाही! मेसेजवर नंबर आहे, दिसत नाही तुला?" दिवाकर आजोबा कडाडले.

चैतन्यचं डोकं सटकलं. आजोबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बीपीची गोळी सोडा, मेथीचं पाणी प्या’, लाल ठळक अक्षरं, खाली संदेश क्रमांक ४७. हे खोटं असल्याचा त्यानं पाठवलेला खुलासा मात्र इतका बारीक, की आजोबांना वाचताच येईना. आजोबा रिटायर्ड स्टेशन मास्तर. पुढच्या स्टेशनानं फोनवर खातरीचा नंबर दिल्याशिवाय त्यांनी कधी गाडी सोडली नव्हती.

"तो नंबर तुम्हाला कोण द्यायचं?"

"पुढचा मास्तर, स्वतः. आवाज ओळखायचो मी त्याचा."

"मग हा सत्तेचाळीस कुणाच्या आवाजात आला?"

चैतन्यनं आजोबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू केला.

"बाबूजी, गोली अभी लीजिए."

"पहले नंबर बोलिए," आजोबा अडून बसले.

डॉक्टर हसले. "बाईस."

आजोबांनी बावीस लिहून घेतलं आणि हात पुढे केला. "आण गोळी."

"डबी कुठंय?"

"ती? मोरीत ओतली परवा."

"अरे यार, आजोबा! बसा इथंच, फोनला हात लावू नका. मला आत्ताच मेडिकलवर जायला हवं."